गुळव्याचं नाक

चहाचा कप गुंडानं तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. चुलीपुढं बसलेली राहीबाई त्याच्याकडं बघत होती. दूध खाली लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, पातेल्याच्या बुडाला काळी खरपूड धरली होती. पण घरात दुसरं दूध नव्हतं म्हणून तिनं तेच चहात ओतलं होतं. आता कप खाली आदळेल आणि नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटेल, म्हणून ती पदर सावरून तयारीत बसली होती.

"झ्याक झालाय चहा," गुंडा म्हणाला.

राहीबाईनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

चौतीस वर्षांच्या संसारात गुंडानं तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईट मात्र नेमानं म्हटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी असतानाच याला कळायचं, घरात फोडणी जळलीय की लसूण कच्चा राहिलाय. उंबऱ्यात उभा राहायचा, नाकपुड्या फुगवायचा, उजव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकून वाकवायचा आणि निकाल द्यायचा. तेल जुनं हाय. डाळ कालची हाय. तवा नीट घासला न्हाईस. आणि निकाल दर वेळी खरा निघायचा, हेच राहीबाईचं खरं दुखणं होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

त्यात हे नाक नुसतं घरापुरतं नव्हतं. कुंडलच्या पलीकडं आप्पासोचं लहानसं गुऱ्हाळ होतं आणि गुंडा तिथला गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत तीन-चार तास उकळतो, आटून त्याचा पाक होतो, आणि एक क्षण असा येतो की काहील तेव्हाच जाळावरनं उतरवावी लागते. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि पाझरतो, उशीर झाला तर काळा पडतो. दुसरे गुळवे तो क्षण ओळखायला पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात आणि पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळून बघतात. गुंडा तसं करत नसे. तो काहिलीकडं पाठ करून दहा पावलांवर उभा राहायचा आणि नुसत्या वासावर म्हणायचा, "उतरवा." बत्तीस वर्षांत त्याचं एकही आदण बिघडलं नव्हतं. एक काहील गूळ म्हणजे एक आदण. अशी किती झाली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

माणसानं एवढ्यावर थांबावं की नाही? पण गुंडा थांबणारा नव्हता. "पाण्यात हात घालायचा तर धुणं धुवावं. गुळाला नाक लागतंय," असं तो सगळ्यांना ऐकवायचा. एकदा भर गुऱ्हाळात एका म्हाताऱ्या गुळव्याला तो हे बोलला होता. म्हातारा पाण्याची परात तशीच ठेवून उठला, तो पुन्हा कुठल्याच गुऱ्हाळावर दिसला नाही. गेल्या साली आप्पासोनं इस्लामपुरातनं लांब दांड्याचं थर्मामीटर आणलं, तर गुंडानं ते खिळ्याला अडकवलं आणि त्यावर आपला टॉवेल वाळत घातला.

असा माणूस करपलेल्या दुधाच्या चहाला झ्याक म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तो आमटीला झ्याक म्हणाला. तिसऱ्या दिवशी मेथीच्या भाजीला. राहीबाईला आधी खोटं वाटलं, मग खरं वाटायला लागलं. माणूस बदलतो म्हणतात. दिवाळीत गुंडाला सणकून ताप आला होता, आठ दिवस तो अंथरुणाला खिळून होता आणि तिनं रात्रंदिवस उशाशी बसून काढले होते. त्याचं काहीतरी वाटलं असेल, असं तिनं धरलं. चौथ्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली, वेलदोडा कुटून घातला, आणि शिरवळला दिलेल्या लेकीला, स्वप्नालीला, फोन लावला.

"तुझ्या बापाला म्हातारपणी चव कळाय लागली गं."

"बरं हाय न्हवं त्यांना?" स्वप्नाली म्हणाली.

राहीबाई हसली. त्या चार दिवसांत ती सुखात होती, हे सांगायलाच हवं.

पाचव्या दिवशी धान्याच्या कोठीमागं उंदीर मेला. कधी मेला कुणास ठाऊक, पण सकाळी राहीबाईला वास आला आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीत गेला. शेजारची आबेदा नाकाला पदर लावून दारात आली.

"राहीभाभी, काय मेलंय गं तुझ्या घरात? आमच्या सोप्यापतुर वास आलाय."

गुंडा त्याच कोठीला पाठ टेकून जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि पाहुण्या बाईसमोर बायकोचा मान राखावा तसं म्हणाला,

"पिठलं झ्याक झालंय."

आबेदानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा राहीबाईकडं, आणि निघून गेली.

राहीबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. एवढा वेळ जे कळत नव्हतं ते एकदम कळलं, आणि कळलं तेव्हा तिला आधी राग आला. मग लाज वाटली. स्वप्नालीला केलेला फोन आठवला, खिरीतला वेलदोडा आठवला.

"तुमच्या पाठीमागं उंदीर कुजलाय," ती म्हणाली.

गुंडाचा घास तोंडाशी थांबला.

"कवापासनं?"

"सकाळपासनं."

"मला वाटलंच असंल कायतरी."

"काय वाटलं?"

गुंडानं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि ताट बाजूला सारलं.

"कवापासनं वास येत न्हाई तुमाला?"

"ताप आल्यापासनं."

"मग चहा? आन ती खीर?"

"खीर गोड लागली. खरंच लागली. त्याच्या फुडचं काय कळलं न्हाई."

"मग झ्याक झ्याक काय लावलंतं माझ्यामागं?"

"मग काय करू? नावं ठेवाय नाक लागतंय. चांगलं म्हणाय काय लागत न्हाई."

हे त्यानं अगदी सरळपणे सांगितलं. राहीबाई उठली, चिमट्यात धरून उंदीर बाहेर काढला, लांब उकिरड्यावर नेऊन टाकला आणि परत येऊन बराच वेळ हात धूत राहिली. परत आत आली तेव्हा गुंडा तिथंच बसलेला होता. गुडघे जवळ घेऊन बसला होता. एवढा लहान तो तिला कधी दिसला नव्हता.

मग त्यानं सगळं सांगितलं. गुडघ्याचं निमित्त सांगून तो इस्लामपूरला गेला होता तो नाकाच्या डॉक्टरकडं. डॉक्टरनं डोळे मिटायला लावून त्याच्या जिभेवर एक चिमूट काहीतरी ठेवलं. गोड लागलं. साखर की गूळ, असं विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. बत्तीस वर्षं गूळ केलेल्या माणसाला. डॉक्टर म्हणाला, जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असलं ढोबळ तेवढं कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती सगळी नाकाची करामत असते. घास चावला की त्याचा वास घशामागनं नाकात चढतो. तिथं वास धरणारे बारीक धागे असतात, ते तापात दुखावलेत. येतील परत. महिन्यानं येतील, सहा महिन्यांनी येतील, नाहीही येणार.

"आन गुऱ्हाळ गुरुवारी चालू होतंय," गुंडा म्हणाला.

"पाण्यात हात घालून बघायचं. तुमच्या बोटाला कळंल की."

"बोटाला कळंल. कानालाबी जरा कळतंय, पाक जड झाला की उकळीचा आवाज बदलतो. पर माझा हात पाण्यात गेला की संपलं, राही. लोक तोंडात शेण घालतील. आन त्येंनी का घालू नये? मी काय कमी बोललोय? आप्पा तो टॉवेल काढून थर्मामीटर घेईल हातात. त्ये कुणालाबी वाचता येतंय. मग मी कशाला पायजे?"

राहीबाईनं त्याला धीर दिला नाही. धीर द्यायला तिला जमत नसे. ती म्हणाली,

"मी येते गुऱ्हाळावर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं खुंटीवरचा त्याचा सदरा काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"बत्तीस वर्सं ह्ये धुतेय मी. आदण वेळंवर उतरलं की ह्याला भाजल्या खोबऱ्यागत वास येतोय. त्या म्हापुराच्या साली तुमच्या पायाला लागलं, तुमी नुसतं तिथं जाऊन बसायचा आन दुसराच कोण उतरवायचा. तवा आठ दिस सदऱ्याला करपट वास होता. गूळ काळा पडला हुता न्हवं त्या साली?"

गुंडा तिच्याकडं बघत राहिला.

"मी तुला सांगितलं नव्हतं ह्ये."

"सदऱ्यानं सांगितलं," राहीबाई म्हणाली.

खूण काय करायची, तेही तिनंच ठरवलं. रसातली मळी वर यावी म्हणून त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. त्यासाठी हिरवी खोडं दगडावर ठेचावी लागतात. ते काम कंटाळवाणं, ते करायला माणूस मिळत नाही. ती ठेचत बसेल. वास भरला की तिचा हात थांबेल. ठकठक बंद पडली की गुंडानं म्हणायचं, उतरवा.

"भांडं वाजवून खूण कर की. बरं ऐकू येईल."

"वाजलेलं समद्यांस्नी ऐकू येतंय," राहीबाई म्हणाली. "बंद पडलेलं कोण ऐकतंय?"

गुरुवारी ती डबा घेऊन गुंडाच्या मागोमाग गुऱ्हाळावर गेली, तेव्हा आप्पासो नारळ फोडत होता.

"वैनी, आज तुमीबी?"

"घरात बसून काय करू? भेंडी ठेचते तुमची."

आप्पासोला आयतं माणूस मिळालं. चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळकी चिपाडं जाळात सारणाऱ्या तानाजीनं तिला बसायला पोतं दिलं. ते पोतं राहीबाईनं दोनदा हलवलं. वारा कुठनं येतोय ते पदराचं टोक सोडून बघितलं, आणि काहिलीची वाफ जिकडं जाते त्या बाजूला ठाण मांडलं. मग दगड हातात घेतला.

रस तापला तसा आधी हिरव्या उसाचा कच्चा वास आला. मळी वर आली तेव्हा ओल्या वैरणीसारखा आला. ती काढून टाकली, मग बराच वेळ नुसता गोड वास येत राहिला, त्याला काही धरबंद नव्हता. सदऱ्यावरचा वास थंड असतो, वाळलेला असतो. इथं सगळंच गरम होतं, धुराचं होतं. एवढ्यातनं खोबरं कसं निवडायचं? तिनं डोळे मिटून घेतले आणि ठेचत राहिली. दहा पावलांवर गुंडा पाठ करून उभा होता. हात मागं बांधलेले, मान ताठ, नेहमीसारखा. काहिलीतली खळखळ मंदावली, फद फद असा जड आवाज यायला लागला. गुंडाची मान किंचित वळली. उतरवलेला पाक ज्यात ओतायचा त्या वाफ्याशी आप्पासो उभा राहिला. तानाजीनं जाळ मागं ओढला.

आणि मग आलं ते. अगदी बारीक, पण तेच. सुकं खोबरं तव्यावर टाकल्यासारखं.

राहीबाईचा हात थांबला.

दोन श्वास गेले.

"उतरवा," गुंडा म्हणाला.

संध्याकाळी ढेप फोडली तर आतनं पिवळीधमक. आप्पासोनं खडा तोंडात टाकला आणि गुंडाकडं बघून मान डोलावली.

"बापू, नाक असावं तर असं."

राहीबाई हाताला लागलेला भेंडीचा चिकटा मातीनं घासून काढत होती. तिनं वर बघितलं नाही.

त्या दिवसापासनं ती रोज जायला लागली. दिवसाला दोन आदणं असायची, एक दहाच्या सुमाराला उतरायचं आणि एक चारच्या. मधल्या वेळात दोघं चिंचेखाली डबा सोडायची. लग्न झाल्यापासनं ती दोघं दुपारचं एकत्र कधी जेवली नव्हती. डबा जायचा, रिकामा यायचा, आणि संध्याकाळी त्यातल्या चुका कळायच्या. आता गुंडा मुकाट्यानं चावत राहायचा. राहीबाईनं त्याला बजावलं होतं, आता उगंच चांगलं म्हणायचं न्हाई. वाईट म्हणायला त्याच्याकडं काही नव्हतं. मग बोलायचं काय?

आठवड्यानं तो म्हणाला,

"काय घातलंईस यात?"

"वांग्यात?"

"व्हय. सांग की."

"शेंगदाण्याचा कूट. तीळ भाजून घातल्यात. लसूण हाय. आन तुमाला आवडत न्हाई म्हणून कवा घालत नव्हते, ती जरा चिंच हाय."

गुंडा डोळे मिटून सावकाश चावत होता. तिनं तीळ म्हटलं की तिळासाठी चावायचा, लसूण म्हटलं की लसणासाठी.

"मला चिंच आवडत न्हाई असं कोण म्हणालं?"

"तुमीच. लगीन झाल्यावर दुसऱ्या दिवशी."

"त्या दिवशी लय आंबट झालं असंल," गुंडा म्हणाला.

मग रोजचंच झालं ते. डबा उघडला की तो विचारायचा आणि ती सांगायची. डॉक्टरनं रोज चार ओळखीचे वास हुंगायला सांगितले होते. तिनं लवंग, लिंबाची साल, कांदा आणि कापूर पुडीत बांधून आणले. ती एकेक नाकाशी धरायची आणि तो आठवायचा. लवंगेला तो म्हणाला, दाढ दुखायची तेव्हा आई कापसात घालून धरायची. कापराला स्वप्नालीचं बारसं म्हणाला. कांद्याला काही म्हणाला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. ते कांद्याचं होतं, असं दोघंही धरून चालली. एक दिवस राहीबाई आली तर तिच्या पोत्याखाली कुणीतरी पाचट पसरून गादी केली होती. ठेचायचा दगडही बदललेला, हातात नीट बसेल असा. तानाजीला विचारलं तर तो म्हणाला, बापूनं ओढ्यातनं शोधून आणलाय.

एवढं बोलणं त्या दोघांत चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

संक्रांतीला आठवडा राहिला होता. दुपारचं आदण उतरायला आलं होतं. राहीबाई खाली बसलेली, त्यामुळं तिला काहिलीभोवतीच्या माणसांचे पायच जास्त दिसायचे. तानाजीचे राखेनं पांढरे झालेले, आप्पासोचे धोतरातनं निघालेले दोन काटक्यांसारखे, आणि दहा पावलांवर गुंडाचे, टाचांना भेगा पडलेले. खोबऱ्याचा वास भरत आला. तिनं दगड उचलला. आता तो खाली ठेवून द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात तिला गुंडाचा उजवा अंगठा दिसला. तो मातीत रुतत होता.

दोन महिने तो अंगठा हलला नव्हता. घरी उंबऱ्यात नाही, इथं काहिलीपाशीही नाही.

राहीबाईला आनंद झाला. झालाच. आणि त्याच्या पाठोपाठ असं वाटलं की उद्यापासनं डबा एकटाच येणार. तिनं उचललेला दगड खोडावर घातला. ठक. परत उचलला, परत घातला. तुमचं नाक आलंय न्हवं, मग म्हणा की तुमचं तुमी. ठक. ठक.

गुंडा बोलला नाही.

अंगठा नखापर्यंत मातीत गेला होता. मागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत आवळली गेली होती. खोबरं भाजायचं ते भाजून झालं होतं. आता तो वास पुढं सरकला, त्याला कडसर धार आली. काहिलीतनं फद फद आवाज येत होता आणि त्यावर तिची ठकठक चालू होती.

"बापू?" तानाजीनं विचारलं.

"थांब."

आप्पासो वाफ्याकडनं दोन पावलं पुढं आला. करपट वास राहीबाईच्या डोळ्यांपर्यंत आला होता. तो तिच्या नाकाला कळत होता तसा दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही कळत होता, बत्तीस वर्षं ज्यानं एक आदण बिघडू दिलं नव्हतं त्या माणसाला, आणि तो तिच्या दगडाची वाट बघत उभा होता.

तिचा हात थांबला.

"उतरवा," गुंडा तत्काळ म्हणाला.

संध्याकाळी ढेप फोडली तर आतनं काळपट तांबडी. आप्पासोनं खडा हातात फिरवून बघितला.

"बापू, आज रंग जरा चढला."

"व्हय," गुंडा म्हणाला. "चुकलं माझं नाक."

तानाजीनं कामात आहे असं दाखवलं. आप्पासोची नजर खिळ्यावरच्या टॉवेलाकडं गेली. पण बत्तीस वर्षांत एक आदण म्हणजे काय, असं तोच म्हणाला आणि चुलवाणातली राख ओढायला सांगून घराकडं गेला.

वाटेनं गुंडा पुढं, राहीबाई डबा घेऊन मागं. ओढा ओलांडताना तो थांबला, तिचा हात धरून तिला दगडांवरनं पलीकडं घेतलं आणि परत पुढं चालायला लागला.

घरी आल्यावर त्यानं सदरा काढला आणि नेहमीसारखा तिच्यापुढं धरला.

"ह्यो आधी धू. लय करपट वास मारतोय."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. हात तसाच पुढं राहिला.

राहीबाईनं सदरा घेतला. नाकाला लावला. चांगला दोन-तीनदा, छाती भरून हुंगला. मग घडी घालून बाजूला ठेवला.

"मला तर कायबी वास येत न्हाई बाई," ती म्हणाली. "माझंबी नाक गेलं वाटतंय."

गुंडा उघडाच उभा होता. त्यानं एकदा सदऱ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"मग उद्या कसं?"

"उद्याचं काय? भेंडी ठेचाय नाक कशाला लागतंय?" राहीबाई म्हणाली, आणि उद्याच्या डब्यासाठी दोघांच्या भाकरीचं पीठ आहे का ते बघायला पिठाचा डबा उघडून बसली.